रिकामी वाडी

चोवीस तासांत दोनशे बारा मिलिमीटर, हा तालुक्याचा आकडा मोबाइलवर वाचून हरेशला बरं वाटलं. दात घासता घासता त्याने तो पुन्हा वाचला, आणि मग आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं. हातातला ब्रश तसाच राहिला. बेसिनवरच्या आरशात त्याने स्वतःकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा, थोडा सुजलेल्या डोळ्यांचा, रोज शहापूरहून निघून मुरबाडपलीकडच्या पंचायतीत जाणारा ग्रामसेवक जसा दिसेल तसाच तो दिसत होता. पण आत कुठेतरी, परीक्षेचा निकाल लागणार असल्याचं कळावं तशी एक बारीक हालचाल झाली होती, आणि ती अजून थांबली नव्हती. स्वयंपाकघरातून सारिका म्हणाली, "अहो, आज नका जाऊ ना. सुट्टी टाका. रस्त्याला पाणी असेल." "जायलाच पाहिजे," तो म्हणाला. ती डबा घेऊन दारात आली. "वाडीचं टेन्शन आहे का? पण ती माणसं तर खाली आणलीत ना तुम्ही." तो हो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने रेनकोटची बटणं लावली. टेन्शन हा शब्द किती चांगला आहे, त्याच्या मनात आलं. त्यात काहीही बसतं.

सापगावच्या पुलाखाली नदी काठोकाठ होती. पुलावरून जाताना त्याने गाडी हळू केली. पाण्यात एक अख्खं केळीचं झाड मुळांसकट वाहत चाललं होतं, आणि आपण त्याच्याकडे पुरावा असल्यासारखं बघतो आहोत असं वाटून त्याने मान वळवली. वाडी खाली आणल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो खरोखर घाबरला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो नुसती वाट बघत होता, कशाची ते स्वतःलाही न सांगता. हा तिसरा पावसाळा. उंबरदांडच्या वाडीवरचा डोंगर जागचा हललेला नव्हता, आणि आता हरेशला तो पडायला हवा होता. तसं त्याने कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. पण शब्दांत म्हटलं नाही म्हणून ते खोटं ठरत नव्हतं. वाडी रिकामी होती, माणसं वैशाखरे गावाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मग पडला तर कुणाचं काय जाणार होतं? रिकामी चौदा घरं जातील. आणि लोक म्हणतील, भाऊसाहेबांनी वाचवलं. निदान वाडीतला जयराम तसं म्हणेल. निदान तो पूर्वीसारखा अंगणात बसवून चहा तरी देईल.

हे सगळं चिंचोक्यांपासून सुरू झालं होतं. पुढच्या वर्षाच्या पंचायत आराखड्यासाठी वाडीवाडीवर सभा घ्यायच्या, लोकांनाच ठरवू द्यायचं कोणत्या कामाला निधी आधी, असं त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि ते त्याला मनापासून आवडलं होतं. त्या पहिल्या पावसाळ्याआधीच्या नोव्हेंबरातली सकाळ होती. उंबरदांडच्या शाळेच्या अंगणात त्याने रांगोळीने वाडीचा नकाशा काढला. घरं, विहीर, शाळा, खाली उतरणारी पायवाट, कडेने जाणारा ओहोळ. एकेका कामाच्या जागी एकेक चित्र ठेवलं: काँक्रीटचा रस्ता, विहिरीवर पंप, अंगणवाडीचं छप्पर, सभामंडप. प्रत्येकाला पाच चिंचोके. ज्याला जे काम मोठं वाटतं त्याने तिथे चिंचोके ठेवायचे. बायका आधी लाजल्या, मग रांगोळी विस्कटणार नाही अशा बेताने एकेक पाऊल टाकत पुढे आल्या. रस्त्यावर ढीग झाला. बाळंतीण डोलीतून खाली न्यावी लागते, तिथे दुसरं काय होणार? त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात धोंडीबाई उठली. सत्तरीच्या पुढची, काटक, एकटी राहणारी बाई. ती नकाशाच्या आत आलीच नाही. बाहेरून वळसा घालून वरच्या बाजूला गेली, जिथे रांगोळी संपून नुसती जमीन होती, आणि पाचही चिंचोके तिने तिथे एका ओळीत मांडले.

लोक हसले. हरेशही हसला. "आजी, तिथे काहीच नाही," तो म्हणाला.

"तिथं डोंगर हाय," धोंडीबाई म्हणाली. "तुमी काढलाच नाय."

तिने त्याला वर नेलं. अर्ध्या तासाची चढण होती. कारवीच्या झुडपांतून वाट काढत ती पुढे चालली होती आणि मागे वळून न बघता बोलत होती. तिथे पोचल्यावर त्याला आधी काही दिसलंच नाही, नुसतं वाळलेलं गवत. मग तिने काठीने गवत बाजूला केलं. डोंगराच्या अंगावर आडवी, घराच्या भिंतीला जाते तशी भेग होती. ती उजवीकडे ऐनाच्या झाडांपर्यंत गेली होती, आणि ती झाडं किंचित खालच्या बाजूला कलली होती, वाकून काही ऐकत असल्यासारखी. "दोन सालांमागं करंगळी जायाची," ती म्हणाली. "औंदा हात जातो. घाला." त्याने हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत थंड होतं, आणि ती थंडी नुसती सावलीची नव्हती. हवा हलत होती. त्याने हात पटकन काढून घेतला आणि पँटला पुसला. तो स्पर्श पुढे कितीतरी दिवस त्याला हातावर जाणवायचा, अंघोळ करताना, सारिका सहज हात लावायची तेव्हा. "हिच्या वरून एक चर मारा," धोंडीबाई म्हणाली. काठीने तिने जमिनीवर तिरपी रेघ ओढली. "पावसाचं पानी तिकडं व्हळाला काढून द्या. भेगंत पानी नाय शिरलं तर काय होनार नाय. माझा बाप असंच करायचा. तेवढंच मागत्ये."

खाली आल्यावर जयराम त्याला शाळेच्या मागे घेऊन गेला. जयराम वाडीचा पंच, हरेशच्याच वयाचा, शब्द तोलून बोलणारा माणूस. "भाऊसाहेब, ते लिवू नका," तो म्हणाला. "भेग लिवली का साहेब लोक येतील. आमाला उठवतील. हितं भात हाय, वरई हाय, गुरं हायत. खाली आमाला काय हाय?" सभेत त्याने चरीचा विषय मांडला तेव्हा एकही हात वर झाला नाही. धोंडीबाईने तर हात वर करायचा असतो हेही ओळखलं नाही. ठराव रस्त्याचा झाला.

पण आराखडा संगणकावर भरताना सर्वांत खाली 'इतर' असा रकाना होता, आणि त्यासमोर एक ओळ मावेल एवढी जागा. हरेश त्या रकान्यासमोर बराच वेळ बसला होता. हातावर ती थंडी होती. चर लिहायची तर मोजमाप लागणार, अंदाजपत्रक लागणार, इंजिनिअरला तिथवर चढवावं लागणार, आणि मुळात ते काम ठरावातच नव्हतं. भेग लिहायला काहीच लागत नव्हतं. 'वाडीच्या वरील डोंगरास भेग असून धोका संभवतो.' एवढं लिहून त्याने बटण दाबलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. नंतर त्याने या हलकं वाटण्याचा पुष्कळ विचार केला. आपण ते माणसांसाठी लिहिलं, असं तो सारिकाला सांगायचा. पण माणसांसाठी लिहायचं असतं तर चर लिहिली असती. त्याने स्वतःसाठी लिहिलं होतं. उद्या काही झालं तर आपण कळवलं होतं असं म्हणता यावं म्हणून. ती थंडी आपल्या हातावरून दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर जावी म्हणून.

जूनमध्ये नोटीस आली. टेम्पो आले, पोलीस आले, आणि एका दिवसात चौदा घरांची माणसं भांडी, कोंबड्या, पिंपं घेऊन खाली उतरली. धोकादायक वस्तीला रस्ता कशाला, म्हणून रस्त्याचं काम यादीतून गेलं. अंगणवाडीचं छप्परही गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात बसवत नसे, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. पुढच्या वर्षी तो सभा घ्यायला गेला तेव्हा कुणी भांडलं नाही. ते भांडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. जयराम खुर्ची पुसून देत म्हणाला, "तुमीच लिवा काय तं. तुमाला म्हाईत हाय." धोंडीबाई कोपऱ्यात बसून त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं ती चरीचं काढेल. तिने काढलं नाही. तेव्हापासून, पहिल्यांदा नकळत आणि मग कळून, हरेश डोंगर पडण्याची वाट बघू लागला होता.

शेडपाशी त्याने गाडी लावली तेव्हा दहा वाजून गेले होते. पत्र्यांवर पाऊस कोसळत होता. पण दुसरा कसलाच आवाज नव्हता, आणि ते त्याला आधी जाणवलं. चौदांपैकी अकरा खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. एका दारात जयरामची सून रविना तान्ह्या पोराला घेऊन बसली होती. "बाकीचे कुठे गेले गो?" त्याने विचारलं. ती पोराकडे बघत राहिली. "रविना."

"वर गेलीत," ती म्हणाली. "आठ दिस झालं. बेणणीला, भातातलं गवत काढाया गेली ती तिथंच ऱ्हायली. मामंजी म्हनले, दोन सालं काय झालं नाय, औंदा बी काय होत नाय."

सकाळपासून आत जी बारीक हालचाल चालली होती ती थांबली, आणि तिच्या जागी काही आलं नाही. वाडी रिकामी होती म्हणून तर आपण हवं ते मनात आणू शकत होतो. आठ दिवस तो रोज आकडे बघत होता, आणि आठ दिवस ती माणसं तिथे होती, त्याच्या इच्छेच्या बरोबर खाली झोपत होती.

चढताना तो दोनदा पडला. वाडीत शिरला तेव्हा घरांवरून धूर निघत होता, पडव्यांत इरली टांगलेली होती, शेणाचा ओला वास होता. त्याने वर पाहिलं. डोंगर दिसतच नव्हता. पागोळ्यांच्या वर थोडीशी हिरवळ, आणि मग सगळं पांढरं. जयरामने त्याला पाहिलं आणि न बोलता पडवीत बसायला गोणपाट टाकलं. आजूबाजूची पाचसहा माणसं जमली. धोंडीबाई कुडाला टेकून बसलेली होती, काळूराम होता, आणि त्याची बायको मंगळी दारात उभी होती. "जयराम, हे काय केलंत?" हरेश म्हणाला. "चला, आत्ताच्या आत्ता उतरा."

"बसा तर," जयराम म्हणाला. "भाऊसाहेब, या खेपंला खाली नेलं का घरंच पाडून टाकतील. मंग आमी कुटं येयाचं? तुमी एक सांगा. पडंल का? तुमाला काय वाटतं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. प्रश्नात खोच नव्हती, ते खरंच विचारत होते. पडेल म्हणावं तर ते आपण कुणासाठी म्हणतो आहोत हे त्याचं त्यालाच कळेना. गेली दोन वर्षं तो हेच उत्तर आतल्या आत घोकत होता, आणि आता ते भीतीचं आहे की हौसेचं, हे सांगायला त्याच्यापाशी काही खूण उरली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. पडवीच्या त्या कडेलाच तेवढी रेंज यायची. तालुक्याच्या आपत्ती कक्षातून कुणीतरी बोलत होता, घाईत, मागे इतर फोनांचे आवाज. "भाऊसाहेब, रेड अलर्ट आहे. धोकादायक वाड्यांची यादी करतोय. उंबरदांडला कोणी नाही ना? तसं असेल तर कळवा, नाहीतर मला गाडी पाठवायला लागेल." हरेशने जयरामकडे पाहिलं. आत चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी कपबशा काढत होतं. दोन वर्षांनी.

"कोणी नाही," हरेश म्हणाला. "वाडी रिकामी आहे."

फोन बंद झाला. मंगळीने कोरा चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. धोंडीबाई त्याच्याकडे बघत होती. "म्हंजे तुमी बी नाय हितं," ती म्हणाली. काळूराम हसला, मग जयराम हसला, आणि हरेशही त्यांच्यात हसला. चहा गोड होता. कपाची ऊब बोटांत उतरत होती आणि त्याला, खूप दिवसांनी, आपण कुठेतरी बसलो आहोत असं वाटलं. आता आपण यांच्यातले. जे होईल ते यांच्याबरोबर. यातही आपण आपलाच विचार करतो आहोत हे त्याला कळत होतं, पण कळून काही फरक पडत नव्हता. दुपारपर्यंत तो तिथेच बसून राहिला. बेणणीच्या गोष्टी निघाल्या, रानडुकरांच्या निघाल्या. बोलणी मध्येच थांबायची आणि मग पाऊस आणि बाजूचा ओहोळ, दोघांचा मिळून एकच भरगच्च आवाज पडवीत यायचा.

एकदा तसं बोलणं थांबलं तेव्हा त्याला काहीतरी कमी वाटलं. "पाऊस उघडला वाटतं," तो म्हणाला. पण पागोळ्या तशाच पडत होत्या. त्याने अंगणात पाहिलं, पाऊस तेवढाच होता. धोंडीबाईने कुडावर टेकलेली मान सरळ केली. जयराम उठून उभा राहिला होता.

"व्हळ गप झाला," धोंडीबाई म्हणाली. "वर पानी अडलंय. उठा रे."

कुणी ओरडलं नाही. जयराम आणि काळूराम घराघरांतून गेले, दारांवर थापा मारत एवढंच म्हणत गेले, "निंगा, टेकाडावर निंगा." टेकाड म्हणजे ओहोळापलीकडचा खडकाळ उंचवटा. हरेशने धोंडीबाईला पाठीवर घेतलं. ती अगदी हलकी होती, मिश्रीचा वास येत होता, आणि तिचा श्वास त्याच्या मानेवर थंड लागत होता. ओहोळाच्या पात्रात घोट्याएवढा गढूळ चिखल होता, पाणी नव्हतं. पात्रात उतरताना त्याला मंगळी दिसली. सगळ्यांच्या उलट दिशेने, गोठ्याकडे जाणारी. "म्हस सोडत्ये, आलीच," ती त्याला ओलांडताना म्हणाली, दळण टाकून येते म्हणावं इतक्या सहज. तो हो म्हणाला. पाठीवर ओझं होतं, पाय घसरत होते, आणि ती आलीच म्हणाली होती.

टेकाडावर पोचून माणसं खडकाच्या आडोशाने बसली. पाच मिनिटं गेली असतील. आधी आवाज आला नाही. आधी झाडं आली. धुक्यातून, उभीच्या उभी, ऐन आणि साग, रांगेने खाली चालत आल्यासारखी. मग जमीन खडकाखालून हादरली, आणि मग आवाज, आणि नंतर ओल्या कच्च्या मातीचा इतका उग्र वास, की बायकांनी पदर नाकाला लावले. सगळं थांबलं तेव्हा वरच्या बाजूची आठ घरं होती तिथे लाल माती होती. अजून हळूहळू बसत होती. हरेशने स्वतःच्या आत पाहिलं. ती होती. सकाळचीच ती बारीक हालचाल, अर्ध्या क्षणापुरती, पण होती. पडला. आणि आपण सगळे इथे आहोत. त्याने शेजारच्या माणसांवरून नजर फिरवली, ओली डोकी, घोंगड्या, पोरं, आणि त्याला रडू येईल असं वाटलं. सगळी होती.

"मंगळी कुटं हाय?" काळूराम म्हणाला.

त्याने प्रत्येकीचा चेहरा बघत हेच विचारलं. मग तो खाली धावला, त्याच्यामागे जयराम आणि बाकीचे. हरेशही निघाला, आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला. टेकाडावर रेंज चांगली होती. मघाचाच आवाज होता, पण आता घाई नव्हती. "भाऊसाहेब, उंबरदांडच्या बाजूला दरड आली असं खालच्या गावातून कळवतायत. सकाळी तुम्ही रिपोर्ट दिला ते बरं झालं. वाडी रिकामी होती, जीवितहानी नाही, असं वर पाठवतोय. बरोबर ना?"

खालून काळूरामची हाक येत होती. एकच नाव, पुन्हा पुन्हा, मध्ये ऐकण्यापुरता थांबून. हरेश फोन कानाला धरून खाली बघत राहिला. बरोबर म्हटलं तर मंगळी तिथे नव्हतीच. कुणीच नव्हतं, तोही नव्हता. माती उपसायला यंत्र येणार नाही, हुंगून शोधणारी कुत्री येणार नाहीत, एवढी पंधरावीस माणसं फावड्यांनी उकरत राहतील आणि कागदावर ती माती रिकामीच राहील. त्याची नोकरी राहील. कदाचित कुणी त्याचं कौतुकही करील. "हॅलो? ऐकू येत नाहीये," तो माणूस म्हणाला. "ठेवतो, पाच मिनिटांनी लावतो. नीट बघून सांगा."

पाच मिनिटांनी फोन वाजला तेव्हा हरेश ओहोळाच्या पात्राच्या काठी, गुडघाभर लाल चिखलात, हातात कुणाचं तरी मोडक्या दांड्याचं फावडं घेऊन उभा होता. चिखल कोमट होता. रेंज तुटत होती, म्हणून तो एकेक शब्द सुटा बोलत गेला. "वाडी रिकामी नव्हती. सगळी होती. मीही इथेच आहे. सकाळी मी खोटं सांगितलं."

"भाऊसाहेब, हे मला लिहून घ्यावं लागेल," तो माणूस म्हणाला.

"लिहा," हरेश म्हणाला. "एक बाई मातीखाली आहे. नाव मंगळी. नवऱ्याचं नाव काळूराम. वय..." त्याला वय माहीत नव्हतं. सात वर्षं तो या वाडीची यादी भरत होता. फोन कानापासून दूर धरून त्याने काळूरामला हाक मारली आणि विचारलं. काळूराम हातांनी माती उकरत होता. त्याने वर पाहिलं, त्याला प्रश्न कळला नाही, आणि तो पुन्हा उकरू लागला.